नाव नसलेल्या काचा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, म्हणजेच आपल्या प्रसूती रुग्णालयाचे अधीक्षक. व्यासपीठावर उपस्थित असलेल्या आदरणीय डॉक्टरबाई. आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांच्या मोठ्या सिस्टर. वेळात वेळ काढून आलेले पाहुणे. वॉर्डातल्या परिचारिका भगिनी, मावशी, मामा, मागे दाराला टेकून उभे असलेले चालक बंधू, आणि ही भाषणं संपतात कधी नि चहा येतो कधी याची वाट पाहणारे तमाम सुज्ञ श्रोतेहो,

आपल्यापैकी पुष्कळांना प्रश्न पडला असेल की हा गृहस्थ कोण? पडणं साहजिक आहे. मी तळघरातल्या प्रयोगशाळेत असतो. तिथे ऊन येत नाही आणि माणूसही सहसा येत नाही, त्याचं रक्त येतं, लघवी येते, नाहीतर काचेच्या पट्टीवर पुसलेला एखादा थेंब येतो. सगळे मला काचवाले काका म्हणतात. आज तुम्हा सगळ्यांचे चेहरे एकदम बघायला मिळाले आणि खरं सांगतो, गोंधळलोच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं हिमोग्लोबिन मला ठाऊक आहे, पण नाकडोळे आज बघतोय.

मोठ्या सिस्टरांच्या निरोपाला मी बोलावं असं ठरलं तेव्हा संयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काका, चार शब्द गोड बोला, सिस्टरांची सेवावृत्ती, हसतमुख स्वभाव वगैरे. आता सिस्टरांचा स्वभाव हसतमुख आहे असं म्हणायला मी तयार आहे, पण खोटं बोलताना माझी जीभ अडखळते. दुसरी सूचना अशी होती की तुमच्या खात्यातले विषय काढू नका, सभागृहात लहान मुलं आहेत, वडीलधारी माणसं आहेत. ही सूचना मात्र मला पाळता येणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. सिस्टरांबद्दल बोलायचं आणि त्या विषयाला वगळायचं म्हणजे आचाऱ्याचा सत्कार करताना स्वयंपाकाचं नाव न घेण्यासारखं आहे. आणि इथे बसलेली लहान मुलंसुद्धा कोणा बाईच्या पोटातूनच आली आहेत.

तर विषय आहे गरोदरपणातल्या खाजेचा. बघा, सभागृह कसं गप्प झालं. ही शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

बाई गरोदर राहिली की जग तिला काय काय विचारतं! उलट्या होतात का, झोप लागते का, काय खावंसं वाटतं, बाळ फिरतं का. शेजारणी विचारतात, दूधवाला विचारतो. पण अंगावरून घट्ट पांढरं जातंय, फाटलेल्या दुधासारखं, आणि अशा जागी खाज सुटलीय, आग होतेय की धड बसवत नाही की उभं राहवत नाही, हे तिला कोणी विचारत नाही आणि ती कोणाला सांगत नाही. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही. आम्ही प्रयोगशाळेत त्याला यीस्टचा संसर्ग म्हणतो. साधी बुरशी आहे. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर, अंगात थोडी थोडी असतेच, गुमान राहते. गरोदरपणात शरीरातली संप्रेरकं बदलतात, योनीच्या आतल्या अस्तरात साखरेचा साठा वाढतो, आणि या पाहुणीला आयतं खाणं मिळतं. मग ती पसरते. इतकं साधं आहे. पण बाईच्या मनात मात्र काय काय येतं! मी अस्वच्छ आहे का? नवऱ्याने कुठून काही आणलं का? बाळाला काही होईल का? आणि हे सगळं ती एकटीच उगाळत बसते.

मोठ्या सिस्टर जेव्हा तपासणीच्या खोलीच्या प्रमुख झाल्या, तेव्हा तिथे विचारायची पद्धत अशी होती की नवरा, सासू, आई, सगळे खोलीत उभे, आणि त्यांच्यादेखत बाईला विचारायचं, काही त्रास? बाई म्हणायची, नाही. पुढची. सिस्टरांनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना बाहेर काढलं. दार लावलं. आणि प्रश्न बदलला. त्या 'काही त्रास?' असं विचारत नाहीत. त्या रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता, हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या सहज विचारतात, "खाली खाजतंय का?" काही बायका ओशाळतात, काही हसतात, आणि पुष्कळशा रडतात. डॉक्टरबाई इथे आहेत, त्या सांगतील की या एका प्रश्नाने त्यांची बाहेरची रांग केवढी वाढली.

आणखी एक गोष्ट. यासाठी जी गोळी देतात ती पोटात घ्यायची नसते, योनीत ठेवायची असते, रोज झोपताना एक, आठवडाभर. आता डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, औषधवाला काउंटरवरून म्हणतो, झोपताना एक. ती कुठे, हे चारचौघांत कोण सांगणार? एक बाई परत आल्या, म्हणाल्या, काही फरक नाही, उलट तोंडाला खडूची चव येते. सगळ्या गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या होत्या. हसू नका, मला आधी वाटलं होतं की अशी एखादीच असेल, पण तशा नंतरही बऱ्याच निघाल्या. त्यात त्यांचा दोष तो काय? कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून सिस्टर गोळी हातात ठेवून बाईकडून वदवून घेतात की ही कुठे ठेवायची. मोठ्याने. म्हटल्याशिवाय खोलीबाहेर सोडत नाहीत.

या सगळ्यात एक अडचण आली आणि ती अडचण म्हणजे मी. मी याच वस्तीत राहतो. भाजी घ्यायला जातो, पाव घ्यायला जातो. बायकांना कळलं की तपासणीची काच खाली जाते आणि ती आपल्या गल्लीतला तो चष्मेवाला पुरुष बघतो. झालं. नमुना द्यायला नकार. एकदा एक बाई मला दुकानाच्या पायरीवर बघून हातातलं सामान तसंच ठेवून मागे फिरली. सिस्टरांनी काय केलं, तर झाकण असलेला एक ट्रे आणला आणि नियम केला की काचेवर नाव नको, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त त्यांना माहीत. अहवाल त्या स्वतः वर घेऊन जाणार. मला याचा फार राग आला होता. वाटलं, हा माझ्यावर अविश्वास आहे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पण नमुने यायला लागले. भरपूर यायला लागले. आणि मी अशी नोकरी करत राहिलो की अख्ख्या वस्तीच्या बायकांची नाजूक गोष्ट मला कळते, पण कोणाचीच कळत नाही. रस्त्याने जाताना मी मान खाली घालून चालायला शिकलो. संध्याकाळी कोणी विचारलं की आज काय केलंत, तर सांगण्यासारखं काही नसायचं. बायको होती तेव्हा ती विचारायची तरी. ती गेली तेव्हा आमची मुलगी शाळेत होती.

आता मुलीचं सांगतो.

मुलगी लग्न होऊन गेली. जावई चांगला आहे, जहाजावर काम करतो, म्हणजे वर्षातला बराच काळ पाण्यावर. तिला दिवस गेले आणि सहावा महिना उलटल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, कारण तिकडे ती एकटी आणि इकडे मी एकटा. दोन एकटी माणसं एका छपराखाली आली की सोबत होते असा माझा समज होता. तसं होत नाही. आमचं बोलणं काय? जेवलीस का. हो. तुम्ही? हो. दिवा बंद करू का. करा. आई नसलेल्या घरात बापलेकींचं बोलणं असंच चिमटीत मावण्याएवढं राहतं. प्रेम नसतं असं नाही. वाट नसते.

आल्यानंतर थोड्याच दिवसांत मला दिसायला लागलं. ती खुर्चीच्या कडेवर बसायची. बसली की लगेच उठायची. न्हाणीघरात सारखी जायची आणि तिथून जंतुनाशकाचा वास यायचा, तो फरशी पुसायचा उग्र वास. एक सुगंधी साबणाची बाटली आली. मग दुसरी आली. दोरीवर एका दिवसात किती कपडे वाळत असायचे! चहातली साखर तिने बंद केली. शेजारच्या काकूंनी कसलं तरी पाणी सुचवलं होतं, ते उकळून झाकून ठेवलेलं असायचं. चेहरा उतरलेला. विचारलं की काय गं, तर म्हणायची, काही नाही.

श्रोतेहो, मी आयुष्यभर तेवढंच काम केलं. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर खुर्चीवरून उठण्यावरून ओळखलं असतं, आणि ओळखलंही होतंच. मला माहीत होतं की तो सुगंधी साबण आणि ते जंतुनाशक आगीत तेल ओतताहेत, आतून धुतल्याने उलट वाढतं. मला माहीत होतं की साध्या पाण्याने बाहेरून धुवावं, कोरडं ठेवावं, सुती सैल कपडे घालावेत, ओलं अंगावर राहू देऊ नये. सगळं माहीत. आणि सांगता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिला होता, तसा मलाही होता. मला त्या दिवसांत एकच धास्ती होती. ही पोर हे एकटीने सोसतेय, मी एका भिंतीपलीकडे आहे, आणि तरी मी तिच्या उपयोगाचा नाही. तिची आई असती तर पहिल्या दिवशी विचारलं असतं.

मी काय केलं? बिनवासाचा साधा साबण आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात तिच्या बाटल्यांशेजारी माझा साबण कोरडाच होता. मग रुग्णालयातलं माहितीपत्रक आणून जेवणाच्या टेबलावर विसरल्यासारखं ठेवलं. तिने त्यावर गरम भांडं ठेवलं.

शेवटी मी वर गेलो. सिस्टर गाठल्या. म्हटलं, सिस्टर, एक विचारू का, माझी मुलगी तपासणीला आली होती का? तिला असा असा त्रास आहे असं मला वाटतं. तिचं काही कळलं तर मला सांगाल का? मी बाप आहे.

सिस्टर हातातली कात्री उकळत्या पाण्यात सोडत होत्या. सोडून झाली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला विचारताय?"

मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला विचारू?

"तिला विचारा. खाजतंय का, असं विचारा."

"सिस्टर, बाप हे कसं विचारणार?"

"तोंडाने," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला आत घेतलं, आणि दार लावलं.

आता तुम्ही सांगा, अशा बाईला हसतमुख कसं म्हणायचं? मी रागारागाने जिना उतरलो. इतक्या वर्षांची ओळख, आणि एक हो-नाही सांगवत नाही? खाली ट्रे आलेला होता. बसलो कामाला. एकेक काच लावायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, भिंग फिरवायचं, बुरशीच्या त्या कळ्या फुटलेल्या पेशी आणि त्यांचे धागे दिसले की तसं लिहायचं, दिसले नाहीत की तसं लिहायचं, आणि पुढची घ्यायची. त्या दिवशी बऱ्याच होत्या.

संध्याकाळी घरी जाताना मी वाक्य पाठ केलं. चालता चालता पुटपुटत होतो. घरी पोचलो, ती समोर आली, आणि मी म्हटलं, नळ गळतोय, प्लंबरला बोलवायला हवं. ती म्हणाली, हो.

असे दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी चहाची पूड शोधताना मला फडताळात डब्यामागे एक पाकीट दिसलं. तोंडाने घ्यायची कॅप्सूल. ती या बुरशीवरचीच आहे, औषधवाले सहज देतात, एक घेतली की काम झालं म्हणतात. इतरांना चालत असेल. पण पोटात बाळ असताना ती टाळायची असते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर घ्यायचीच नसते. ती मागे भांडी घासत होती. मी वळलो नाही. फडताळाकडेच तोंड करून विचारलं, "ही घेतलीस का?"

भांड्यांचा आवाज थांबला. ती म्हणाली, "नाही."

आणि मग मला काय झालं कोण जाणे. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तिने घासलेली भांडी विसळायला लागलो, आणि बोलत सुटलो. तिच्याकडे न बघता. म्हटलं, बाळा, खाजतंय ना? तो आजार घाणीचा नाही. कोणाच्या पापाचा नाही. जावयाचा यात काही संबंध असेलच असं नाही, मनात किंतु आणू नको. पोटातल्या बाळाला याने सहसा काही होत नाही. जन्मताना फार तर बाळाच्या तोंडात पांढरे ठिपके येतात, ते औषधाने जातात. पण पांढरं जाणं म्हणजे दर वेळी हेच असतं असंही नाही, गरोदरपणात साधं पातळ पांढरंही वाढतं, आणि दुसरे संसर्गही असतात, म्हणून काचेवर बघावं लागतं, स्वतःच ठरवून औषध घ्यायचं नाही. घाण वास आला, हिरवंपिवळं गेलं, रक्त दिसलं, पाण्यासारखं वाहायला लागलं, ताप आला, पोटात दुखलं, तर थांबायचं नाही, तडक दवाखाना. औषध आतून लावायचं असतं, खाज थांबली तरी मधेच सोडायचं नाही. नि ते जंतुनाशक फेकून दे, ते फरशीसाठी आहे. इतकं मी तिच्याशी तिच्या जन्मापासून सलग बोललो नव्हतो. एकच वाटी मी पुन्हा पुन्हा विसळत होतो.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी तपासून आले. तुमच्याच दवाखान्यात. परवाच्या आदल्या दिवशी. ती कॅप्सूल मी त्याआधी आणली होती, सिस्टरांनी घेऊ नको म्हणून सांगितलं. त्यांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत. कुठे ठेवायच्या ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं."

मी हिशोब केला. म्हणजे मी सिस्टरांसमोर उभा होतो त्याच दिवशी. मी विचारलं, "मग काच खाली आली असेल."

"तुम्हीच बघितली असणार."

मला ती काच आठवत नाही. मी नंतर खूप आठवून पाहिलं. माझी पोर माझ्या डोळ्याखालून गेली आणि मी पुढची काच घेतली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी असा पाहिला. आणि सिस्टरांना तेव्हा, त्या कात्री सोडत होत्या तेव्हा, सगळं माहीत होतं.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सिस्टरांनी विचारलं होतं, बाबांना सांगू का. मीच नको म्हटलं. मला वाटलं तुम्ही म्हणाल, स्वच्छता ठेवत नाहीस." आणि ती रडायला लागली, ओल्या हातांनीच तोंड झाकून. पुढे म्हणाली की काचेवर नाव असतं तर मी आलेच नसते, ती कॅप्सूल गिळून मोकळी झाले असते.

अध्यक्षमहोदय, मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळल्या, आणि दोन्ही मी आजपर्यंत कोणाला सांगितलेल्या नाहीत. एक ही, की सिस्टरांच्या ज्या नियमावर मी रुसलो होतो, त्यानेच माझ्या मुलीला सांभाळलं. दुसरी ही, की तिला सांभाळावं लागलं ते माझ्यापासून. पहिली गोष्ट कळून बरं वाटलं. दुसरीने फार एकटं वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, घंटेकडे संयोजकांचा हात गेलेला मला दिसतो आहे. औषध पूर्ण झालं, ती बरी झाली. घरातले दोन्ही सुगंधी साबण गेले. साखरेचा चहा परत सुरू झाला, कारण चहा सोडून बुरशी जात नसते, रक्तातली साखर मात्र तपासावी. मग एक महिना गेला असेल. आम्ही सकाळी चहा घेत होतो. ती म्हणाली, "बाबा, परत खाजायला लागलंय."

एवढंच वाक्य. पाव पुढे सरकवता सरकवता म्हटलेलं. तुम्हाला यात काय मोठं असं वाटेल. मी तुम्हाला सांगतो, मला आजवर अनेक पत्रं, प्रमाणपत्रं मिळाली, बढतीही मिळाली एकदा, पण असा सन्मान कोणी केला नव्हता.

मी म्हटलं, होतं असं, गरोदरपणात परत येतं, चल जाऊ. आम्ही दोघं मिळून गेलो. ती खोलीत गेली, तिच्यामागे मीही निघालो, तर सिस्टरांनी मला दारात अडवलं. नातेवाईक बाहेर. मी म्हटलं, सिस्टर, मी इथला कर्मचारी आहे. त्या म्हणाल्या, आत्ता नाही आहात. आणि मी बाकावर नवऱ्यांच्या आणि सासवांच्या मधोमध जाऊन बसलो. शेजारच्या आजींनी मला विचारलं, कितवं? साखर तपासली, ती ठीक निघाली. डॉक्टरबाईंनी पुन्हा औषध दिलं, ते झालं. पुढे बाळ सुखरूप जन्माला आलं. त्याच्या तोंडात खरंच पांढरे ठिपके दिसले, तेव्हा सगळे घाबरले, मुलगी घाबरली नाही. तिने बाळाच्या डॉक्टरांना दाखवलं, थेंब घातले, गेले ठिपके.

एक विनंती मध्येच करून घेतो. नव्या रंगकामात तपासणीच्या खोलीचं दार काढून तिथे पडदा लावायचा बेत आहे असं ऐकतो. जागा वाचेल, खरं आहे. पण पडद्याआड कोणी खरं बोलत नाही. सिस्टर जातील, त्यांचं दार राहू द्यावं, ही नम्र विनंती.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आपल्या मुलीची गोष्ट भर सभेत कसा सांगतो? तर आज सकाळी मी तिला फोन केला. बाळ मोठं होतंय, ती आपल्या घरी आहे, जावई सध्या किनाऱ्यावर आहे. तिला विचारलं, सिस्टरांच्या निरोपाला बोलायचंय, तुझं सांगू का? ती म्हणाली, खुशाल सांगा, इथे मी आणखी दोघींना सांगितलंय, फक्त माझं तेव्हाचं वजन सांगू नका. मी हसलो. मग ती म्हणाली, सिस्टर गेल्या की तुम्हाला करमणार नाही ना? मी म्हटलं, छे, मला काय होतंय, काही नाही.

ती गप्प राहिली. फोन मात्र ठेवला नाही. पलीकडे बाळाचा आवाज येत होता.

मग मी सांगितलं. म्हटलं, बाळा, मला फार एकटं वाटतं. तू गेल्यापासून घरी गेल्यावर मी दिवा लावत नाही लवकर. तळघरात दिवसभर कोणी येत नाही. सिस्टर दुपारी ट्रे घेऊन यायच्या, काही बोलायच्या नाहीत, ठेवून जायच्या, पण यायच्या. उद्यापासून कोण येईल मला माहीत नाही.

मला वाटलं ती म्हणेल, असं काय करता बाबा, चार दिवस इकडे या. तसं ती नंतर म्हणालीही. पण आधी तिने विचारलं, "कधीपासून?"

मी सांगायला लागलो. तिची आई गेली तिथून सांगायला लागलो. कामावर यायला आज मला उशीर झाला तो त्यामुळे, अधीक्षकसाहेबांनी तो पोटात घालावा.

सिस्टर, तुम्ही कोणाची आई नाही, हे मला माहीत आहे, आणि तुमच्या घरीही दिवा लावायला तुम्हीच असता हेही माहीत आहे. तुम्हाला इथे कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही, मीही विचारलं नाही. येत्या रविवारी मी तुमच्याकडे येणार आहे. दार लावून नको, उघडंच ठेवा, वस्तीची तोंडं वाईट आहेत. पण विचारणार आहे.

व्यासपीठावरच्या मान्यवरांनी मला बोलू दिलं, संयोजकांनी घंटा हातात धरूनही वाजवली नाही, आणि तुम्ही सर्वांनी, विशेषतः पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांनी, हा विषय मान खाली घालून का होईना पण शेवटपर्यंत ऐकून घेतला, त्याबद्दल मी तुमचा सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्याची सवय नसलेला माणूस बोलायला लागला की कमीजास्त होतंच. कोणाला संकोच वाटला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर तो दोष माझ्या पदरात घालावा आणि मला क्षमा करावी. चहा आलेला आहे. नमस्कार.